ब्लू रिज रेंजर्स : जॉन फोगर्टीच्या कंट्री अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लू रिज रेंजर्स हा बँड कोणाचा?

एकट्या जॉन फोगर्टीचा. एप्रिल १९७३ मध्ये फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीने ‘द ब्लू रिज रेंजर्स’ नावाचा अल्बम बाजारात आणला. मुखपृष्ठावर पाच काळ्या आकृत्या उभ्या आहेत. पाहणाऱ्याला वाटावं, डोंगराळ भागातला कुठलासा जुना बँड असणार. पाचही आकृत्या फोगर्टीच्याच आहेत. आत बारा गाणी आहेत. गिटार, बास, ड्रम्स, बँजो, फिडल, पेडल स्टील हे सगळं त्यानेच वाजवलंय. मुख्य आवाज त्याचा आणि मागून साथ देणारे आवाजही त्याचेच. मुखपृष्ठावर मात्र त्याचं नाव नव्हतं. ते पुढच्या आवृत्त्यांवर आलं.

ब्लू रिज ही अमेरिकेच्या पूर्वेकडची डोंगररांग, पेनसिल्व्हेनियापासून खाली जॉर्जियापर्यंत गेलेली. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं गाणं आणि ब्लूग्रास म्हणजे त्यातला बँजो-फिडलवर वेगात वाजणारा प्रकार. या दोन्हींचा हा जुना मुलूख. फोगर्टी तिथला नाही. तो देशाच्या दुसऱ्या टोकाचा, कॅलिफोर्नियाचा.

फोगर्टी म्हणजे ‘क्रीडन्स’वालाच ना?

तोच. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचा गायक, मुख्य गिटारवादक, निर्माता आणि जवळजवळ सगळ्या मूळ गाण्यांचा लेखक. १९४५ साली बर्कलीत जन्मलेला आणि शेजारच्या एल सेरिटो गावात वाढलेला. बँडमध्ये थोरला भाऊ टॉम आणि शाळेपासूनचे मित्र स्टू कुक व डग क्लिफर्ड. १९६९ या एका वर्षात या चौघांचे तीन अल्बम आले. ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘ग्रीन रिव्हर’ ही त्याच वर्षातली गाणी. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या गाण्यांच्या यादीत त्यांच्या पाच सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेल्या, पहिल्यावर एकही नाही.

रॉक गाणाऱ्या माणसाला जुनी कंट्री गाणी का गावीशी वाटली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागे एक समज असतो : रॉक म्हणजे बंडखोर तरुणांचं, कंट्री म्हणजे टोपी घातलेल्या वडीलधाऱ्यांचं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ही दरी खरोखरच होती. व्हिएतनाम युद्ध, लांब केस, राजकारण या सगळ्यांवरून श्रोत्यांचे दोन तट पडलेले होते. पण संगीतात ती दरी कधीच नव्हती. एल्विस प्रेस्लीची १९५४ मधली पहिली रेकॉर्ड घ्या. एका बाजूला कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून आलेलं ‘दॅट्स ऑल राइट’ आणि उलटी केली की बिल मन्रोचं ब्लूग्रास गाणं, ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. रॉक ज्या तबकडीवरून सुरू झालं असं लोक सांगतात, तिची एक बाजू कंट्रीची होती. फोगर्टी हेच ऐकत मोठा झालेल्या पिढीतला.

शिवाय कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कंट्री होता. १९३० च्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळं आणि मंदी यांनी ओक्लाहोमाकडची हजारो कुटुंबं उखडली गेली आणि कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाच्या शेतांकडे आली. येताना त्यांनी आपली गाणी आणली. बेकर्सफील्ड शहराच्या दारूच्या गुत्त्यांतून आणि नाचाच्या हॉलमधून त्या गाण्यांना नवा बाज मिळाला : टेलिकास्टर गिटारचा टोकदार आवाज, ठणठणीत ड्रम्स, व्हायोलिनचे मऊ ताफे नाहीत. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड हे या बाजाचे दोन मोठे गायक. हॅगर्डचे आईवडील ओक्लाहोमाहून आलेले. बेकर्सफील्डजवळ ऑइलडेलमध्ये रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर करून ते राहिले आणि मर्लचा जन्म तिथला.

क्रीडन्सच्या गाण्यांत हा बाज पहिल्यापासून आहे. १९७० च्या ‘लुकिन आउट माय बॅक डोअर’मध्ये तर बक ओवेन्सचं नावच घेतलंय. त्याआधीच्या वर्षी त्यांनी लेड बेलीचं ‘कॉटन फील्ड्स’ गायलं होतं. मला तर वाटतं, रेंजर्सचा अल्बम ऐकल्यावर क्रीडन्स जास्त कळतो. ती छोटी, घट्ट बांधलेली, तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळी होणारी गाणी कुठून आली, ते इथे उघड ऐकू येतं.

बँड मोडल्यावर घाईघाईत काढलेला अल्बम आहे का?

बँड मोडण्याशी त्याचा संबंध आहे, घाईशी नाही. टॉम १९७१ च्या सुरुवातीला बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी १९७२ मध्ये ‘मार्डी ग्रा’ काढला. त्यात कुक आणि क्लिफर्ड यांनीही आपापली गाणी लिहिली आणि गायली. समीक्षकांनी तो झोडपला. ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं. फोगर्टी मात्र सुटला नव्हता. फँटसीबरोबरच्या कराराने त्याच्यावर अजून बऱ्याच गाण्यांचं देणं होतं आणि क्रीडन्ससाठी लिहिलेल्या गाण्यांचे हक्कही कंपनीकडे होते.

या परिस्थितीत त्याने दुसऱ्यांची गाणी गायली, तेव्हा काहींना तो पळवाटेचा मार्ग वाटला. मला तसं वाटत नाही. पळवाट काढणारा माणूस फिडल आणि पेडल स्टील शिकायला बसत नाही. भाऊ गेला, मित्रांशी बोलणं तुटलं, कंपनीशी वाकडं आलं. अशा वेळी हा माणूस स्वतःच्या नावापासूनही दूर झाला आणि लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांपाशी गेला. मुखपृष्ठावरून नाव काढण्याचा अर्थ मी असाच लावते : गाणी पुढे, मी मागे.

एकट्या माणसाने अख्खा बँड कसा वाजवला? सगळं एकाच वेळी कसं ऐकू येतं?

मल्टिट्रॅक टेपमुळे. रुंद चुंबकीय टेपवर शेजारीशेजारी अनेक पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र ध्वनिमुद्रण करता येतं. पहिलं वाद्य वाजवायचं, टेप मागे न्यायची, हेडफोन लावायचे, ते ऐकत दुसरं वाद्य दुसऱ्या पट्ट्यावर भरायचं. मग तिसरं. शेवटी सगळ्या पट्ट्यांचा आवाज कमीजास्त करून दोन वाहिन्यांत एकत्र आणायचा, म्हणजे मिक्सिंग करायचं.

सांगायला सोपं आहे, पण करून पाहणाऱ्याला त्यातली अडचण लगेच कळते. समजा, पाया म्हणून आधी ड्रम्स भरायचे आहेत. तेव्हा गाणं कुठेच नसतं. कडवं कधी संपतं, ध्रुवपदाआधी कुठे थोडं थांबायचं, शेवटच्या ओळीला जोर कुठे चढवायचा, हे सगळं डोक्यात गात ड्रम्स वाजवावे लागतात. एकदा भरलेली लय मग बदलत नाही. पुढे बास वाजवताना वाटलं की इथे जरा रेंगाळायला हवं होतं, तर उपयोग नाही. ड्रम्सवाला ऐकत नसतो, तो मघाच वाजवून गेला. बँडमध्ये माणसं एकमेकांकडे बघून वाजवतात, भुवई उंचावली तरी पुरते. इथे भुवई बघणारं कोणी नाही.

अल्बमचं बळ आणि उणीव दोन्ही इथेच आहेत. प्रत्येक वाद्याला गाणं कुठे चाललंय हे नेमकं माहीत आहे, कारण वाजवणारा एकच. कुठेही कोणी आगाऊपणा करत नाही. पण चांगल्या कंट्री बँडमध्ये फिडलने एक जागा घेतली की तिला स्टीलने उत्तर द्यायचं, ती गंमत इथे कमी सापडते. काही गाण्यांची लय मला किंचित ताठ वाटते.

पेडल स्टील म्हणजे नक्की कोणतं वाद्य?

कंट्री गाण्यांत मागून जो हुंदक्यासारखा, घसरत जाणारा सूर येतो, तो बहुधा याचाच. टेबलासारखं पायांवर उभं केलेलं वाद्य असतं, त्यावर साधारणपणे दहा तारा. वादक समोर बसतो. डाव्या हातात पोलादी दांडी धरून ती तारांवरून फिरवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. पडद्यांवर बोट दाबायचं नाही, त्यामुळे मींड सहज निघते. खाली पायांशी पेडल आणि गुडघ्यांजवळ तरफा असतात. त्या दाबल्या की ठरावीक तारांचा सूर ताणला किंवा सैल होतो, बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. म्हणून एक सूर स्थिर ठेवून दुसरा त्याच्याकडे सरकत नेता येतो. आवाज चढवण्या-उतरवण्यासाठी आणखी एक पेडल. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळ्यांना काम. लोक आयुष्यभर फक्त हेच वाद्य वाजवतात. फोगर्टीचं स्टील त्या उस्तादांच्या तोडीचं नाही, पण गाण्याला हवं तेवढं आणि तिथेच वाजतं.

अल्बमवर कोणकोणती गाणी आहेत आणि मुळात ती कोणाची?

सुरुवात ‘ब्लू रिज माउंटन ब्लूज’ने होते. डोंगरातल्या घराची ओढ सांगणारं हे जुनं गाणं बँजो आणि फिडलसह ब्लूग्रासच्या वेगात येतं, आणि बँडचं नावही तिथूनच जुळतं.

सर्वांत गाजलं ते ‘जंबालाया’. हँक विल्यम्सने ते १९५२ मध्ये गायलं आणि कंट्रीच्या यादीत ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लुईझियानातल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांचं हे जग : दलदलीतले ओढे, वल्हवायची छोटी होडी, भात-मासे-मसाल्यांची पंगत, रात्रभर चालणारी मौज. चाल ‘ग्राँ तेक्सास’ या केजन गाण्यावरून आलेली आहे. विल्यम्स अलाबामाचा, म्हणजे तोही बाहेरचाच. फोगर्टीने क्रीडन्सच्या काळात लुईझियानाच्या पाणथळ मुलखावर इतकी गाणी लिहिली की लोक त्याला तिथलाच समजत. त्यामुळे हे गाणं त्याच्या तोंडी परकं वाटत नाही. विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी गेला, अवघ्या २९ व्या वर्षी.

‘कॅलिफोर्निया ब्लूज’ जिमी रॉजर्सचं, १९२० च्या दशकाच्या अखेरीचं. रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, होता. क्षयाने ती नोकरी सुटली आणि १९३३ मध्ये त्याच आजाराने तो गेला. ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी एका रेकॉर्ड कंपनीने तात्पुरता स्टुडिओ थाटला होता. तिथे त्याच आठवड्यात रॉजर्स आणि कार्टर कुटुंब, दोघांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. कंट्रीच्या इतिहासातली ही मोठी घटना मानतात. रॉजर्सची खासियत म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ब्लूजच्या बांधणीत मिसळलेलं योडलिंग. आवाज छातीतून एकदम वरच्या खोट्या सुरात उडी मारतो आणि परत येतो. ही गाणी क्रमांकाने ओळखली जात. हे चौथं ‘ब्लू योडल’.

कार्टर कुटुंबाने १९३४ मध्ये गायलेलं ‘वर्किन ऑन अ बिल्डिंग’ही अल्बमवर आहे. म्हणजे ब्रिस्टलचे दोन्ही झरे इथे एकत्र आलेत.

प्रेमभंगाची गाणी अर्थातच आहेत, त्याशिवाय कंट्री कसा होणार? जॉर्ज जोन्सने १९६२ मध्ये अजरामर केलेलं ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’, बॉबी एडवर्ड्सचं १९६१ मधलं ‘यू आर द रीझन’, आणि शेवटी मर्ल हॅगर्डचं ‘टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन’. हे शेवटचं गाणं १९६८ मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं आणि नंतर पुढच्या बाजूपेक्षा जास्त गायलं गेलं. हलकंफुलकं ‘आय एंट नेव्हर’ मेल टिलिस आणि वेब पिअर्स यांचं. पिअर्सने ते १९५९ मध्ये गाजवलं. टिलिसने १९७२ मध्ये स्वतः गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. म्हणजे फोगर्टी अल्बम करत होता त्याच सुमारास.

‘प्लीज हेल्प मी, आय एम फॉलिंग’ हे भारतात ऐकलेलं वाटतं. खरं का?

मूळ गाण्याचा बाज नक्की ओळखीचा वाटेल. मुंबई-गोव्यातल्या अनेक घरांत, विशेषतः ख्रिस्ती घरांत, कंट्री पोचला तो जिम रीव्हजच्या रेकॉर्ड्सवरून. हँक लॉक्लिनचं हे १९६० मधलं गाणं त्याच कारखान्यातलं : तीच आरसीए कंपनी, कंट्रीच्या रेकॉर्डिंगचं तेच नॅशव्हिल शहर, निर्माता तोच चेट ॲटकिन्स.

यातल्या पियानोची एक गोष्ट सांगायलाच हवी. गाणं लिहिणाऱ्यांपैकी डॉन रॉबर्टसनने नमुना म्हणून जी टेप पाठवली, तिच्यात त्याने पियानो वाजवण्याची एक वेगळी ढब वापरली होती. हव्या त्या पट्टीवर थेट न जाता आधी शेजारची पट्टी दाबून लगेच तिच्यावर घसरायचं. पियानोतून मींड निघत नाही, पण कानाला तसा भास होतो. ॲटकिन्सने वादक फ्लॉइड क्रेमरला तसंच वाजवायला सांगितलं. क्रेमरने ते उचललं आणि त्याच वर्षी ‘लास्ट डेट’ या स्वतःच्या वाद्यरचनेत वापरून देशभर गाजवलं. पुढे नॅशव्हिलच्या असंख्य गाण्यांत हा पियानो ऐकू येतो. फोगर्टीने गाणं घेतलं, पण त्या गुळगुळीत नॅशव्हिल साजापासून ते दूर नेऊन जरा खरखरीत केलं. मला दोन्ही आवडतात. रीव्हजवर वाढलेल्यांना आधी लॉक्लिन जवळचा वाटेल.

ही सगळी गाणी ‘पारंपरिक’ म्हणता येतील का?

काटेकोरपणे नाही. बहुतेकांचे लेखक माहीत आहेत. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ तर कंट्रीही नाही. ते १९५४ मध्ये ओटिस विल्यम्स आणि चार्म्सने गाजवलेलं रिदम अँड ब्लूज गाणं. फोगर्टीने ते बेधडक इतरांच्या पंगतीत बसवलं, आणि तिथे ते शोभतंही.

अल्बमवर ख्रिस्ती भक्तिगीतं का आहेत?

कारण ती वगळली तर अमेरिकेच्या दक्षिणेकडचं संगीत अर्धंच उरतं. शनिवारी रात्री नाचाच्या हॉलमध्ये वाजवणारे हात रविवारी सकाळी चर्चमध्येही वाजवत. हँक विल्यम्स, जॉर्ज जोन्स, एल्विस सगळ्यांनी गॉस्पेल गायलंय. इथे तीन गाणी आहेत : ‘समव्हेअर लिसनिंग’, ‘वर्किन ऑन अ बिल्डिंग’ आणि ‘हॅव दाइन ओन वे, लॉर्ड’.

अल्बमचा गाभा मला या तीन गाण्यांत दिसतो. गॉस्पेल चारपाच जणांनी मिळून गायचं असतं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, खर्जातल्या गायकाने खालून आधार द्यायचा, वरच्या पट्टीतल्याने आभाळाला हात लावायचा. फोगर्टीने हे सगळे गायक स्वतःतून उभे केले. क्रीडन्समधला त्याचा आवाज घसा फाडून येणारा. इथे तोच आवाज कधी मागे उभा राहून हळू साथ देतो, कधी जाड होऊन खाली जातो. एकाच गळ्यातले आवाज एकमेकांत इतके मिसळतात की सख्ख्या भावंडांच्या गाण्यात ऐकू येतो तसा जुळेपणा येतो. हे भावाशी दुरावलेला माणूस एकटा बसून गातोय, हे विसरता येत नाही.

‘हॅव दाइन ओन वे, लॉर्ड’ हे १९०७ मधलं स्तोत्र आहे, ॲडलेड पोलार्डचे शब्द आणि जॉर्ज स्टेबिन्सची चाल. तू कुंभार, मी माती, तुझ्या मनाप्रमाणे मला घडव, अशी त्यातली विनवणी. चर्चमध्ये ते संथ गातात.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा गाणं, ही शेवटी नक्कलच ना?

तुकोबांचा एकच अभंग वारीच्या दिंडीत ऐका आणि पंडित भीमसेन जोशींच्या मैफलीत ऐका. कोणी त्याला नक्कल म्हणत नाही. गाणं तेच असतं, माणूस त्यात काय शोधतो ते वेगळं असतं.

‘शी थिंक्स आय स्टिल केअर’ जोन्स आणि फोगर्टी दोघांचं लागोपाठ ऐकून बघा. गाण्यातला माणूस सांगतोय की मी चुकून तिला फोन केला, सहज तिची चौकशी केली, एवढ्यावरून तिला वाटतं मला अजून तिची पर्वा आहे. जॉर्ज जोन्स शब्द दातांत धरून, सूर हळूच मुरडत गातो. प्रत्येक मुरडीत तो खोटं बोलतोय हे कळतं. फोगर्टीला ती नजाकत येत नाही आणि तो तिचा प्रयत्नही करत नाही. तो सरळ गातो, आवाजातली खरखर झाकत नाही. जोन्सचं गाणं मोठंच आहे, त्याच्याशी बरोबरी होणं कठीण. पण फोगर्टीच्या गाण्यात दुःख लपवायचं कसब नसलेला माणूस भेटतो, आणि तोही खरा आहे.

दुसऱ्याचं गाणं रेकॉर्ड करायला परवानगी लागते का?

अमेरिकेत गाणं एकदा रेकॉर्डवर प्रसिद्ध झालं की ते दुसरं कोणीही पुन्हा गाऊन रेकॉर्ड करू शकतं, ठरलेलं मानधन भरून. हा नियम १९०९ च्या कायद्यापासूनचा. १९७३ मध्ये दर होता प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट. १९०९ पासून तेव्हापर्यंत तो वाढलेलाच नव्हता! हे पैसे गाणं लिहिणारा आणि त्याचा प्रकाशक यांना जातात, गाणाऱ्याला नाही.

अल्बम चालला का?

सिंगल म्हणून सुटी काढलेल्या गाण्यांना बरं यश मिळालं. ‘जंबालाया’ १९७३ च्या सुरुवातीला बिलबोर्डच्या मुख्य यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ३७ व्या. अल्बम ४७ वर थांबला. क्रीडन्सच्या मानाने हे काहीच नव्हे. मुखपृष्ठावर नाव नसल्याचा फटका बसलाच असणार. दुकानात क्रीडन्सचा चाहता ती रेकॉर्ड हातात घेऊन परत ठेवून देईल, यात नवल नाही.

मग रेंजर्सचा दुसरा भाग लगेच का आला नाही?

फँटसीशी भांडण विकोपाला गेलं म्हणून. रेंजर्सच्या नावाने त्याने स्वतःची दोन नवी गाणी काढली, ती चालली नाहीत. १९७५ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून स्वतःच्या नावाचा अल्बम आला. त्यानंतरचा ‘हूडू’ प्रसिद्धच झाला नाही. मग जवळजवळ दशकभर शांतता. १९८५ मध्ये ‘सेंटरफील्ड’ आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तोही त्याने रेंजर्सच्या पद्धतीने, सगळी वाद्यं एकट्याने वाजवून केला होता.

यशापाठोपाठ खटला आला. ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे नवं गाणं क्रीडन्सच्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, असा फँटसीचा दावा. दोन्ही गाणी फोगर्टीचीच, पण जुन्याचे हक्क कंपनीकडे. १९८८ मध्ये त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून ज्युरीला आपली लिहिण्याची रीत समजावून सांगितली आणि तो जिंकला. वकिलांच्या खर्चाचा मुद्दा पुढे थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९४ चा तो निकालही त्याच्या बाजूने लागला आणि कॉपीराइटच्या खटल्यांत आजही त्याचा दाखला देतात. क्रीडन्सच्या गाण्यांच्या हक्कांचा मोठा वाटा त्याच्या हाती आला तो २०२३ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर.

२००९ चा अल्बम पहिल्यासारखाच आहे का?

नाव ‘द ब्लू रिज रेंजर्स राइड्स अगेन’ असलं तरी घडण अगदी उलटी आहे. या वेळी खराखुरा बँड आहे : गिटारवर बडी मिलर, पेडल स्टीलवर ग्रेग लीस, ड्रम्सवर केनी अॅरोनॉफ. ‘व्हेन विल आय बी लव्ह्ड’मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन सोबत गातो, ‘गार्डन पार्टी’मध्ये ईगल्सचे डॉन हेन्ली आणि टिमोथी श्मिट. गाण्यांत जॉन प्राइनचं ‘पॅराडाइज’ आणि बक ओवेन्सचंही एक. एक गाणं फोगर्टीने स्वतःच्याच जुन्या अल्बममधून घेतलंय.

वाजवणं उत्तम, माणूस खुशीत. पहिल्या अल्बममध्ये जे सवाल-जवाब सापडत नाहीत ते इथे भरपूर आहेत. स्टील ऐकायची असेल तर हाच घ्या. तरीही मी परत परत जाते ती १९७३ कडे. तिथे त्या माणसाला ती गाणी गाण्याची गरज होती, आणि ती ऐकू येते.

असे अल्बम आणखी कोणत्या रॉक कलाकारांनी केलेत?

बऱ्याच जणांनी. बर्ड्स या बँडने १९६८ मध्ये नॅशव्हिलला जाऊन ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ केला. १९७२ मध्ये आलेल्या अल्बमसाठी निटी ग्रिटी डर्ट बँडने मदर मेबेल कार्टर, रॉय एकफ, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्स अशा बुजुर्गांना एकत्र बोलावून त्यांच्याच सोबत त्यांची गाणी वाजवली. फोगर्टी एकटा दार लावून बसला होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. लिऑन रसेलने १९७३ मध्येच ‘हँक विल्सन’ असं टोपणनाव घेऊन कंट्री अल्बम काढला. इंग्लंडचा एल्विस कॉस्टेलो १९८१ मध्ये नॅशव्हिलला गेला आणि बिली शेरिलच्या हाताखाली ‘ऑलमोस्ट ब्लू’ केला. त्याच्या वेष्टनावर तर इशारा छापला होता की यात कंट्री संगीत आहे, कोत्या मनाच्या लोकांना त्रास होऊ शकतो.

नवख्याने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

‘जंबालाया’ने करा, ते कोणालाही लगेच आवडतं. मग हँक विल्यम्सचं मूळ ऐका आणि परत फोगर्टीकडे या. तिसरं ‘समव्हेअर लिसनिंग’, शक्यतो हेडफोन लावून, मागचे आवाज एकेक वेगळे करत. ‘ब्लू रिज माउंटन ब्लूज’मधला बँजो आवडला तर पुढे बिल मन्रो आणि अर्ल स्क्रग्स. योडलिंग आवडलं तर जिमी रॉजर्स, त्याची जुनी ध्वनिमुद्रणं खरखरीत आहेत पण कान लवकर सरावतो. आणि ‘टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन’ पहिल्यांदा ऐकणार असाल तर ते मर्ल हॅगर्डच्या आवाजात ऐका, फोगर्टीचं नंतर.